चहातून गुपचूप गोळी देण्याबद्दल
‘नवऱ्याला कळू न देता चहातून गोळी दिली आणि दारू सुटली’ असं वर एका ताईंनी लिहिलंय. त्यांची तगमग समजते, पण कृपा करून हे कुणी करू नका. अशी दिली जाणारी गोळी बहुतेक वेळा डायसल्फिरामची असते. तिने दारूची ओढ कमी होत नाही. दारूपासून शरीरात तयार होणारं विषारी रसायन अ‍ॅसिटाल्डिहाइड ती पुढे मोडू देत नाही, एवढंच. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका १४ दिवसांपर्यंत राहू शकतो.

आमच्या थोरल्या दादाला वहिनीने अशीच आमटीतून दिली होती. एका लग्नात तो प्यायला आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन पडला. डॉक्टर विचारतायत काय घेतलंय, आणि वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना. वाचला तो. पण नंतर कितीतरी महिने तिच्या हातचं पाणीही घेत नव्हता. पुढे तीच गोळी त्याने स्वतः कबूल होऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज सकाळी तिच्यासमोर घेतली. आता सहा वर्षं झाली.