मदत हवी आहे: क्लिपा लावल्यावर पुढचा दात हलतोय, हाडं ठिसूळ झालीत का?

चाफेकळी
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. क्लिपा लावून काही महिने झाले आणि आता वरचा पुढचा दात हलायला लागलाय. जिभेने ढकलला की कळतं. भाकरीचा तुकडा तोडताना तर पोटात गोळाच येतो. डॉक्टर म्हणतात, "हलणारच, काळजी करू नका," आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. शेजारच्या काकू म्हणतात, हाडं झिजली की दात असेच पडतात. त्यात पुढच्या आठवड्यात दोन चांगले दात काढायचेत, जागा करायला. काढू की नको? की क्लिपाच काढून टाकू? प्लीज लवकर सांगा.

तिरकस
वय? कुठला दात? एक्स-रे काढलाय का? सल्ला हवाय की भविष्य?

शेवग्याची शेंग
अगं घाबरू नकोस, माझ्या लेकीचे पण हलायचे. कॅल्शियम कमी पडतं, दुसरं काही नाही. सकाळी नाचणीची आंबील, जेवणात शेवग्याच्या पाल्याची भाजी, येता-जाता मूठभर तीळ. आणि डी जीवनसत्त्वाची ती साठ हजार युनिटची पुडी मिळते ना, ती रोज दुधातून घे. महिन्यात दात घट्ट.

तिरकस
शेंगताई, तुमची लेक शाळेत असेल. धागाकर्तीचं वय अजून कळायचंय.

निवृत्त नाना
पुडी रोज?? ती आठवड्यातून एक असते आणि तीही डॉक्टरांनी सांगितलं तर. आमच्या मेव्हण्यांनी "जीवनसत्त्वच तर आहे" म्हणून रोज घेतली. उलट्या, बद्धकोष्ठ, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, शेवटी अ‍ॅडमिट.

चाफेकळी
वय ४९. वरचा उजवा पटाशीचा दात. सुरुवातीला तो मोठा एक्स-रे काढला होता, डोक्याभोवती मशीन फिरतं तो. डायबिटीस नाही, तंबाखू-मिश्री नाही, कुठलंही औषध चालू नाही. आता तरी सांगा.

दंतकथा
मी हिरड्यांची डॉक्टर आहे, क्लिपा लावणारी नाही, पण सांगते. दात हाडात सिमेंट लावून बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या चौथाई-पाचव्या भागाएवढा तंतूंचा पडदा असतो. तारेचा दाब आला की दात ज्या बाजूला चाललाय तिकडचं हाड पेशी विरघळवतात आणि मागे नवं भरतात. म्हणून तर दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. या काळात तो पडदा रुंदावतो, दात थोडा मागे-पुढे हलतो. हे अपेक्षितच आहे, त्याबाबत तुमचे डॉक्टर बरोबर आहेत.
पण दात वर-खाली दबत असेल, हिरडीतून पू किंवा रक्त येत असेल, शेजारच्यापेक्षा तो लांब दिसायला लागला असेल, तर ते वेगळं. क्लिपा लावायच्या आधी बारीक खुणांची सळई हिरडीत घालून पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट, किती खोल आहे ते मोजलं होतं का? ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. त्याहून खोल आणि रक्त येणारं असेल तर आधी पायोरियाचा बंदोबस्त, मग तार. चाळिशी-पन्नाशीत क्लिपा लावायला हरकत नसते. सुजलेल्या हिरडीत दात ओढला तर मात्र हाड जातं आणि ते सहसा आपोआप परत येत नाही.

परदेशी पाटील
आमच्याकडे न्यू जर्सीत सरळ थ्रीडी स्कॅन काढतात. शिवाय या वयात तारा कशाला, अलाइनर घ्या, ते काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे साचे. हाडावर ताण नाही.

दंतकथा
पाटीलसाहेब, प्लॅस्टिकने ढकला नाही तर तारेने, हाड तसंच विरघळतं आणि तसंच भरतं. अलाइनर काढून दात नीट घासता येतात, हा फायदा खरा. आणि स्कॅन गरज असेल तर. दर दुखण्याला कशाला?

शेवग्याची शेंग
तिळाच्या तेलाच्या गुळण्या कुणी सुचवल्याच नाहीत.

तिरकस
कारण कुणी विचारलंच नव्हतं.

निवृत्त नाना
ताई, एक विचारू? कधी हाड मोडलंय का? हाडांसाठी कसलं इंजेक्शन? माझा डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचा, टी-स्कोअर उणे २.७ आहे, म्हणजे हाडं ठिसूळ, दर रविवारी उपाशीपोटी गोळी घेऊन अर्धा तास ताठ बसतो. दाढ काढायला गेलो तर डेंटिस्टने आधी हेच विचारलं.

चाफेकळी
औषध चालू नाही म्हटलं ना नाना. मनगट मोडलं होतं, बाथरूममध्ये घसरून. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी ते वर्षातून एकदाचं सलाईन लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सणकून ताप आला, मग पुन्हा काही घेतलं नाही. दातांच्या फॉर्मवर "सध्या चालू असलेली औषधं" असा रकाना होता. हे काय चालू औषध आहे का? आणि मनगटाचा दाताशी काय संबंध?

दंतकथा
नाना, तुमचे आभार. चाफेकळी, दात काढायची अपॉइंटमेंट आजच पुढे ढकला. क्लिपा मात्र मनानेच काढायला जाऊ नका.
वर्षातून एकदाचं सलाईन म्हणजे बहुतेक झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. ते हाड विरघळवणाऱ्या पेशींनाच लगाम घालतं. सलाईन एकदाच झालं तरी औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. तुमचा दात सरकतो तो याच पेशींच्या जिवावर, त्यामुळे दात हळू सरकतात आणि काढलेल्या दातांची जागा बंद व्हायला फार वेळ लागू शकतो. दुसरं म्हणजे, अशा पेशंटमध्ये दात काढल्यावर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे ठिसूळ हाडांच्या, डोसला हा धोका अगदी कमी असतो, कॅन्सरच्या मोठ्या डोसला बराच जास्त. पण दात कुजलेला नाही, नुसती जागा करायचीय. मग जोखीम घ्यायची का, हे ठरवूनच काढावा. कधी कधी दातांच्या कडा किंचित घासूनही जागा होते. तसा प्लॅन बसतो का, विचारा.

परदेशी पाटील
सीटीएक्स नावाची रक्त तपासणी करा, हाड किती विरघळतंय ते दाखवणारी. धोका आहे की नाही ते आकड्यात कळतं.

दंतकथा
नाही कळत. जबड्याचं काय होणार हे त्या आकड्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

तिरकस
म्हणजे हाडांचं औषध घ्यायचंच नाही? आगीतून फुफाट्यात.

निवृत्त नाना
असलं काही लिहू नका हो, लोक गोळ्या बंद करतात. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, हे मी घरात पाहिलंय.

दंतकथा
नानांशी सहमत. ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन तर परस्पर थांबवलं की मणके दबून फ्रॅक्चर होऊ शकतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

मुंबईकर७
अवांतर: प्रौढांच्या क्लिपांना साधारण किती खर्च येतो?

चाफेकळी
क्लिनिकला फोन केला. दात काढणं पुढे ढकललंय. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि सलाईनचं नाव-तारीख घेऊन बोलावलंय. पॉकेट मोजल्याचं आठवत नाही, तेही विचारते. रक्त वगैरे येत नाही. दोन-चार दिवस दुखतो तेव्हा आयब्युप्रोफेन घेते, ते चालेल?

दंतकथा
शक्यतो पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन रोज घेत राहिलं तर दात सरकणं मंदावू शकतं. तुमचं तसंही मंदच असेल.

शेवग्याची शेंग
आंबील तरी चालू ठेव गं.

दंतकथा
आंबील चालेल. तिळाची चिक्की नको, दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट निघतात.