पदक कुणाला, काम कुणाचं?

'विद्यापीठांना सर्वसमावेशकतेचे पुरस्कार म्हणजे भिंतीवर टांगायची शोभा' असं काहीजण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ब्रिटनमधलं 'अथेना स्वान' हे विद्यापीठांना आणि त्यांच्या विभागांना स्त्री-पुरुष समानतेच्या कामासाठी मिळणारं मानांकन पाहा. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या स्त्रियांसाठी २००५ साली सुरू झालं, २०१५ पासून इतर विद्याशाखा आणि कार्यालयीन कर्मचारीही त्यात आले. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. पण नुसत्या गोड बोलण्यावर काही मिळत नाही. भरती किती, बढती कुणाला, मुलं झाल्यावर कोण नोकरी सोडतं, ही स्वतःची आकडेवारी विभागाला मांडावी लागते आणि सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. मुदत संपली की पुन्हा परीक्षा.

खरा जोर आला तो पैशामुळे. २०११ साली इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी आरोग्य संशोधनाच्या मोठ्या निधीसाठी रौप्य पदकाची अट जाहीर केली आणि वैद्यकीय विभाग खडबडून जागे झाले. २०२० मध्ये ती अट काढली गेली, याचं मला वाईट वाटतं.

दोष आहेतच. अर्जाचं कागदकाम डोंगराएवढं, आणि ते बहुतेकदा स्त्री प्राध्यापकांच्याच गळ्यात पडतं. तो वेळ त्यांच्या संशोधनातून जातो. माझ्या मते कौतुक करायचंच तर आधी या कामाचे तास बढतीच्या वेळी मोजावेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने याच धर्तीवर 'गती' हा उपक्रम आणला. त्यात हे पहिल्यापासून धरलं पाहिजे, आणि जातीचा प्रश्नही.