मदत हवी आहे: सीए शाखेच्या कामाला वेळ द्यावा का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत सीएची प्रॅक्टिस करते. आमच्या सीए संस्थेच्या इथल्या शाखेतल्या ज्येष्ठांनी मला स्टडी सर्कल (सभासदांचा अभ्यासगट) आणि विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांची जबाबदारी घ्यायला सुचवलं आहे. मानधन अर्थातच नाही.

साठीच्या आतल्या प्रॅक्टिस करणाऱ्यांना सीपीईचे (सतत चालणाऱ्या व्यावसायिक शिक्षणाचे) १२० तास तीन वर्षांत भरावेच लागतात, पण ते नुसतं व्याख्यानाला बसूनही भरतात. मग वक्ते ठरवणं, हॉल बघणं, जीएसटीवरच्या सभासदांच्या शंका गोळा करणं हे लोक वर्षानुवर्षं का करतात? ओळखीतून कामं मिळतात, असं काहीजण म्हणतात. मला त्यासाठी जायचं नाही. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला अडलं तर विचारायला कुणीतरी हवं असतं, आणि आर्टिकलशिपची (सीएच्या हाताखाली प्रशिक्षण घेणारी) मुलं तर फार एकटी पडतात. त्यांच्यासाठी मनापासून करावंसं वाटतं.

काळजी आहे ती टॅक्स ऑडिटच्या दिवसांची. तेव्हा घरच्यांनाही वेळ देता येत नाही.

ज्यांनी शाखेत काम केलंय (डॉक्टर, आर्किटेक्ट आपापल्या संघटनांबद्दलही सांगा), त्यांनी कृपया कळवा: आठवड्याला साधारण किती वेळ जातो? तुम्ही कशासाठी टिकलात? आणि सोडलं असेल, तर का?