मदत हवी आहे : मरीन तुकड्यांमधील नौदलाचे वैद्यकीय सहायक आणि खलाशांची बोली

नमस्कार. अमेरिकेच्या मरीन कोअरकडे, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैन्यदलाकडे, स्वतःचे वैद्यकीय दल नसल्यामुळे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नौदलाच्या हॉस्पिटल कोअरमधील सहायक, म्हणजे कोअरमन, मरीन तुकड्यांसोबत आघाडीवर जातात. या व्यवस्थेवर मी लेख लिहीत आहे. १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावरील लढाईत याच सहायकांनी भर गोळीबारात जखमींवर उपचार केले. तेव्हा त्यांचा हुद्दा 'फार्मासिस्ट्स मेट' असा होता, आणि तो ऐकून औषधांचे दुकान डोळ्यांसमोर आले तर नवल नाही.

मरीन सैनिक आपल्या कोअरमनला 'डॉक' म्हणतात. हे संबोधन नव्याने रुजू झालेल्यालाही लगेच मिळते, की तुकडीसोबत काही काळ काढल्यावरच, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न बोलीचा आहे. शौचालयाला 'हेड', जमिनीला 'डेक' आणि भिंतीला 'बल्कहेड' म्हणण्याची या खलाशांची आणि मरीन सैनिकांची सवय किनाऱ्यावरील इमारतींतही सुटत नाही. 'स्कटलबट' हे मुळात जहाजावरील पिण्याच्या पाण्याचे पिंप. पाणवठ्यावर रंगाव्यात तशा गप्पा त्याभोवती रंगत, म्हणून अफवेलाही तेच नाव पडले. यांपैकी कोणते शब्द भारतीय नौदलाच्या जहाजांवर रोजच्या बोलण्यात ऐकू येतात, आणि कोणत्या शब्दांच्या जागी हिंदी किंवा मराठी शब्द रूढ झाले आहेत? निवृत्त नौसैनिकांनी, विशेषतः वैद्यकीय शाखेत काम केलेल्यांनी, आपल्या सेवेचा साधारण काळ नमूद करून उत्तर दिल्यास आभारी राहीन.