मदत हवी आहे: १९३० ते १९६० मधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या मराठी जाहिराती

नवरात्रात आमच्या सोसायटीत (कोथरूड, पुणे) बाईच्या सौंदर्याच्या बदलत्या कल्पनांवर छोटं चित्रप्रदर्शन लावतोय. सुरुवातीचा भाग जमलाय. रविवर्मा प्रेसच्या, म्हणजे १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्याच्या देवी आहेत: भरलेले दंड, गोल चेहरा, अंगभर दागिने. केळकर संग्रहालयातल्या वज्र्या, करंडे पाहून टिपणं काढली. टाचा घासायच्या वज्रीवरही इतकी नक्षी! शेवटही सोपा आहे, १९९४ च्या सुश्मिता-ऐश्वर्यापासून पुढचं सगळं मिळतं.

अडलंय ते मधल्या काळावर. गोंदण मागे पडलं, नऊवारीची सहावारी झाली, पावडर आणि स्नो (चेहऱ्याला लावायचं क्रीम) घरात आले, हे सगळं तेव्हाच्या जाहिरातींत दिसायला हवं. 'स्त्री' मासिक १९३० चं, म्हणून आधी तेच शोधतेय. जुन्या बाजारात दोन रविवार घालवले, हाती लागले ते सत्तरीनंतरचे सुटे अंक. नेटवरच्या प्रती इतक्या पुसट की ए-थ्री आकारात चेहराच ओळखू येत नाही. अप्पा बळवंत चौकातही विचारून झालं.

मूळ अंक विकत घेण्याइतकं बजेट नाही, नोकरीमुळे शनिवार-रविवारच मोकळे. अंक घरी नको, जागेवर बसून, फ्लॅश न वापरता फोटो काढले तरी पुरे. प्रदर्शनाला तिकीट नाही, श्रेय ठळक देऊ.

पुण्यात अशा मासिकांचे बांधीव खंड शनिवारी किंवा रविवारी कुठे पाहता येतील, आणि तिथे सभासद नसलेल्याला फोटो काढू देतात का?