बाहुली एक, माणसं दोन

'स्पिटिंग इमेज' या नेत्यांची टर उडवणाऱ्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमात (ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९८४ ते १९९६) एका बाहुलीमागे एकच कलाकार असायचा आणि आवाजही तोच काढायचा, असं कुणीतरी म्हटलंय. पण बहुतेक वेळा तसं नव्हतं. आवाज नकलाकारांचे, हात बाहुलीकारांचे. पंतप्रधान थॅचरबाईंचा तो करडा आवाज तर स्टीव्ह नॅलन या पुरुषाचा! शिवाय एका बाहुलीला सहसा दोन माणसं लागत. पहिल्याचा एक हात डोक्यात, जबडा हलवायला, आणि दुसरा हात म्हणजे बाहुलीचा एक हात. बाहुलीचा उरलेला हात शेजारी चिकटून बसलेल्या दुसऱ्या माणसाचा.

हे किती अवघड असतं ते मी आमच्या अमळनेरला शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलंय. सरपंचाची फोमची बाहुली केली होती, अहिराणी संवाद आधीच मोबाईलवर रेकॉर्ड केलेले. "कथा चालना रे भो?" (कुठे चाललास रे भाऊ?) एवढं म्हणत पेपर उघडायचा होता. डावा हात एका पोराचा, उजवा दुसऱ्याचा. एक ओढायचा तेव्हा दुसरा सोडायचा. शेवटी दोघांनी एकमेकांच्या श्वासावर ताल धरला, तेव्हा कुठे पेपर धड उघडला. म्हणून मला 'स्पिटिंग इमेज'च्या बाहुलीकारांचं कौतुक नकलाकारांपेक्षा कांकणभर जास्तच वाटतं.

आणि त्या बाहुल्या आज कुठे आहेत, असं कुणीतरी विचारलं होतं. बऱ्याच लिलावात गेल्या. कार्यक्रमाचे एक निर्माते रॉजर लॉ यांचा संग्रह मात्र केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. या बाहुल्या फोम लॅटेक्सच्या (स्पंजासारख्या रबराच्या), आणि ते उजेडाने आणि उष्णतेने कडक होऊन त्याचा भुगा होतो, त्यामुळे त्या जपणं सोपं नाही.