केनियाच्या दहशतवादविरोधी उपायांनी नेमके काय साधले?

प्रश्न : ऑक्टोबर २०११ मध्ये केनियाने अल-शबाब या दहशतवादी संघटनेविरुद्ध सोमालियात सैन्य घुसवले, तरीही तिच्या हल्ल्यांत २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये ६७ आणि २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात १४८ बळी गेले. मग या मोहिमेचे फलित काय मानावे?

उत्तर १ : फरक पडला तो प्रतिसादाच्या वेगात. गारिसात हल्ला पहाटे झाला आणि विशेष पथक पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. उलट जानेवारी २०१९ मध्ये नैरोबीतील दुसित हॉटेल संकुलावर हल्ला झाला, तेव्हा पथके लवकर आत शिरली आणि त्यांनी शेकडो लोकांना सुखरूप बाहेर काढले. अर्थात २१ जण तेव्हाही दगावलेच.

उत्तर २ : आणि २०१४ मध्ये नैरोबीतील ईस्टली या सोमालीबहुल वस्तीतून पोलिसांनी हजारोंना उचलून कासारानी क्रीडागारात नेले, त्याचे काय? ज्यांच्याकडून खबर मिळायची त्यांनाच दुखावणे हा मला निव्वळ आततायीपणा वाटतो. दर दहा घरांमागे शेजाऱ्यांचा गट करणारी 'न्युम्बा कुमी' योजना मग कोणाच्या भरवशावर चालणार?

प्रश्नकर्ता : आपला मुद्दा पटला. त्याच वर्षीच्या सुरक्षा कायद्यातील आठ कलमे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली, हेही येथे नोंदवतो.